'लॉरेन्स ऑफ अरेबिया' : १८७, २०२, २१६, २१८, २२२ की २२७ मिनिटं? नेमकी कुठली आवृत्ती दाखवावी?

वाळवंटी_पहाट

आमच्या छोट्या चित्रपट मंडळात डेव्हिड लीनचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) दाखवायचं ठरतंय, पहिल्या महायुद्धात अरबांबरोबर तुर्कांविरुद्ध लढलेल्या ब्रिटिश अधिकारी लॉरेन्सवरचा. परवानगीचं काम सुरू आहे. अडलंय ते आवृत्तीपाशी. शोधायला गेलं की प्रत्येक ठिकाणी लांबी वेगळी दिसते. कुठे 'वाढीव आवृत्ती', कुठे 'दिग्दर्शकाची आवृत्ती', कुठे 'पुनरुज्जीवित आवृत्ती' असं लिहिलेलं असतं आणि मिनिटं मात्र जुळत नाहीत.

माझे प्रश्न असे : या आकड्यांचा अर्थ काय? लांब आवृत्तीत नेमकं काय जास्त आहे, आणि ते बघण्यासारखं आहे की नुसती भर? शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर दाखवताना काय सांभाळायचं? पडदा १० फूट रुंद आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर युद्धपट जितका लांब तितका सैल होतो. पण या सिनेमाबाबत ते मत बदलायची तयारी आहे.

---

रीळवाला

आधी आकडे सोडवू.

१० डिसेंबर १९६२ ला लंडनला लेस्टर स्क्वेअरच्या ओडियनमध्ये प्रीमियर झाला, तेव्हा लांबी २२२ मिनिटं. लगेच जानेवारी १९६३ मध्ये सुमारे २० मिनिटं कापली, म्हणून २०२. पुढे १९७० च्या सुमाराला पुनःप्रदर्शनासाठी आणखी कात्री लागली आणि १८७ उरली. बरीच वर्षं जगाने हीच १८७ वाली पाहिली, टीव्हीवरही तीच.

१९८९ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जिम पेंटेन यांनी सिनेमा पुन्हा जुळवला. मूळ संकलक अ‍ॅन कोट्स आणि खुद्द लीन शेवटच्या कापणीला बसले होते. लीन तेव्हा ऐंशीचे होते. त्या आवृत्तीत नुसतं चित्र मोजलं तर २१६ मिनिटं. सुरुवातीचं संगीत, मध्यंतरानंतरचं संगीत आणि शेवटचं संगीत धरलं तर २२७. म्हणजे २१६ आणि २२७ ही एकच आवृत्ती आहे. २१६ वाचून 'यात ११ मिनिटं कापलीत' असं समजू नका.

---

खडकीचा_वारा

वाचनखूण साठवली.

---

पडद्यामागे

रीळवाले काकांच्या हिशेबात शीर्षकातला २१८ राहिला. तो युरोपातल्या जुन्या डीव्हीडींमुळे आला. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. पाल पद्धतीच्या टीव्हीवर तो २५ ने चालवत, म्हणजे चार टक्के जलद. २२७ ला २४ ने गुणून २५ ने भागा, २१८ येतात. एकही दृश्य कमी नाही. मात्र सगळं किंचित घाईत घडतं, आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केली नसेल तर मॉरिस जारचं संगीत जवळपास अर्ध्या स्वराने चढं ऐकू येतं. संगीताचा कान असलेल्या माणसाला ते टोचतं. त्याच हिशेबाने १८७ वाली प्रत पालमध्ये १७९-१८० भरते.

म्हणून आवृत्ती ओळखताना मिनिटांआधी चौकटींचा वेग बघा. फाईलच्या तपशिलात २३.९७६ किंवा २४ असेल तर वरचे आकडे सरळ लागू. २५ असेल तर आधी गुणाकार.

---

मृण्मयी_ना

'वाढीव आवृत्ती' या शब्दाबद्दल थोडं. इथे तो लावूच नये असं मला वाटतं. जे लोकांनी डिसेंबर १९६२ मध्ये पाहिलं होतं, ते कापलं गेलं, ते परत बसवलं. लीनने १९८८ मध्ये पुन्हा संकलन करताना उलट काही ठिकाणी चित्र आवळलं.

'अपॉकॅलिप्स नाऊ'चं तसं नाही. १९७९ ला जे कधी दाखवलंच नव्हतं ते २००१ च्या 'रिडक्स'मध्ये घातलं आणि सिनेमा २०२ मिनिटांचा झाला. २०१९ मध्ये दिग्दर्शक कपोलाने स्वतःच तो १८३ वर आणला. फ्रेंच मळ्याचा भाग ठेवला, पण नर्तकींशी दुसऱ्यांदा गाठ पडते तो भाग काढला. 'दास बूट' १९८१ ला १४९ मिनिटांचा होता, १९९७ ला २०९ झाला, आणि टीव्ही मालिका म्हणून जवळपास पाच तासांचा आहे. तिथे एकाच चित्रीकरणातून तीन वेगवेगळ्या आकाराच्या गोष्टी निघाल्या. 'द बिग रेड वन'चं आणखी वेगळं. सॅम फुलर १९९७ मध्ये गेले, आणि २००४ मध्ये रिचर्ड शिकेल यांनी सापडलेल्या साहित्यातून ४० मिनिटांहून जास्त भाग परत घातला. तिथे शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा नाही, हे मनात ठेवूनच बघावं लागतं.

चारही डब्यांवर साधारण एकसारखीच जाहिरात असते. आत काय आहे ते मात्र चार प्रकारचं.

---

सह्याद्री७०

+१ मृण्मयीताई. 'पूर्ववत' हा शब्द बरोबर बसतो.

---

कुलाबकर

थोडा विरोध नोंदवतो. १८७ वाली इतकी वाईट नाही. पहिला भाग तिच्यात चांगला पळतो. नेफुदचं वाळवंट पार करणं, तिथे मागे राहिलेल्या कासिमला परत आणणं, अकाबा बंदरावरचा हल्ला, सगळं जागेवर आहे. सामान्य प्रेक्षकाला पावणेचार तास बसवणं म्हणजे कसोटी. निर्माता सॅम स्पीगल आणि थिएटरवाले यांचं गणित उघड होतं : सिनेमा छोटा झाला की दिवसाला एक खेळ वाढतो.

---

मृण्मयी_ना

कुलाबकर, पहिल्या भागापुरतं मान्य. घोटाळा दुसऱ्या भागात होतो.

मध्यंतरानंतर अमेरिकन पत्रकार बेंटली राजपुत्र फैजलची मुलाखत घेतो. तो प्रसंग पुढे तुकड्या-तुकड्यांतच उरला होता. १९८९ मध्ये तो नीट जोडला, तेव्हा कळतं की फैजलला एक नायक हवाय आणि बेंटलीलाही हवाय, प्रत्येकाला आपापल्या कारणासाठी. पुढे लॉरेन्सचे रेल्वेगाडीच्या टपावर चालतानाचे फोटो निघतात, त्यांना ही पार्श्वभूमी लागते.

दुसरी जागा जेरुसलेमची. देराला तुर्कांच्या कैदेत जे घडतं त्यानंतर लॉरेन्सला सगळं सोडून साधी नोकरी हवी असते. अ‍ॅलनबी हा ब्रिटिश सेनापती त्याला बाल्कनीत उभं करून गोंजारतो, चुचकारतो, त्याच्यातल्या कवीला हात घालतो, आणि हळूहळू परत युद्धात ढकलतो. हा प्रसंग नसेल तर आत्ता राजीनामा देणारा माणूस पुढच्या दृश्यात भाडोत्री अंगरक्षक घेऊन दमास्कसकडे निघालेला दिसतो. प्रेक्षक म्हणतो, याला झालं काय? लोक दुसऱ्या भागाला 'सैल' म्हणतात त्याचं कारण बऱ्याचदा हेच. सांधा कापला की उरलेलं लांब वाटतं.

तिसरं, तफस गावातली कत्तल. प्रेतांवरून सावकाश फिरणारा कॅमेरा आणि शरण येणाऱ्या तुर्की सैनिकाला लॉरेन्स गोळी घालतो ते दृश्य पुन्हा आत आलं. ते काढलं तर नायक स्वच्छ राहतो आणि सिनेमा खोटा होतो.

---

वाळवंटी_पहाट

हे पटलं ताई. म्हणजे 'लांबी वाढली आणि सिनेमा घट्ट झाला' असं उदाहरण निघालं.

---

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

बाल्कनीच्या प्रसंगाची तांत्रिक बाजू सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते.

हॅरिस यांना कापलेलं चित्र सापडलं, पण बऱ्याच तुकड्यांचा आवाज सापडला नाही. असं का होतं? चित्राची निगेटिव्ह आणि आवाजाच्या चुंबकीय पट्ट्या वेगळ्या डब्यांत, वेगळ्या खोल्यांत असतात. चित्रातून २० मिनिटं कापली की आवाजही त्याच मापाने कापून नवीन मिश्रण करतात. कापलेले चित्राचे तुकडे कोणीतरी जपून ठेवतं, आवाजाचे तुकडे टाकून दिले जातात किंवा पट्टी पुसून पुन्हा वापरतात.

म्हणून २५ वर्षांनी नटांना परत बोलवावं लागलं. पीटर ओटूल, अ‍ॅलेक गिनेस, अँथनी क्विन, आर्थर केनेडी यांनी आपापले संवाद पुन्हा म्हटले. ओटूल चित्रीकरणाच्या वेळी तिशीच्या आसपास होते, डबिंगला पंचावन्न-छप्पन्नचे. अ‍ॅलनबी करणारे जॅक हॉकिन्स १९७३ मध्येच वारले होते. त्यांचा आवाज चार्ल्स ग्रे यांनी दिला. ही निवड फार विचाराची होती : घशाच्या कर्करोगामुळे हॉकिन्सचा आवाज गेल्यावर त्यांच्या नंतरच्या काही सिनेमांत ग्रे हेच त्यांच्यासाठी बोलले होते.

नुसते ओठ जुळवून काम भागत नाही. मूळ मिश्रणात संवाद, पावलं, वारा, दूरची गर्दी, संगीत हे एकत्र विरघळलेलं असतं. नवीन संवादामागे ते सगळं पुन्हा तयार करावं लागतं, आणि शेजारच्या मूळ दृश्यातल्या खोलीच्या गुंजनाशी जुळवावं लागतं. हेडफोन लावून बाल्कनीच्या आधीचं आणि नंतरचं एकेक मिनिट ऐका. आवाज बदलल्यापेक्षा आवाजामागची शांतता बदललेली आधी कळते.

---

खडकीचा_वारा

इतकी वर्षं बाल्कनीत हॉकिन्सच बोलतोय असं समजून ऐकलं. आज परत लावतो.

---

सह्याद्री७०

आता चित्राबद्दल, कारण या सिनेमाचा जीव तिथे आहे.

सुपर पॅनाव्हिजन ७० म्हणजे कॅमेऱ्यात ६५ मिमी निगेटिव्ह, उभी जाणारी, एका चौकटीला ५ छिद्रं. साधी गोल भिंगं, चित्र दाबून नंतर ताणायची भानगड नाही. थिएटरची प्रिंट ७० मिमी, कारण छिद्रांच्या बाहेर दोन्हीकडे अडीच-अडीच मिमी जागा चुंबकीय आवाजपट्टीसाठी. सेकंदाला १२० छिद्रं सरकतात, म्हणजे मिनिटाला साधारण ११२ फूट फिल्म. २२७ मिनिटांना २५ हजार फुटांच्या वर, पावणेआठ किलोमीटर. ३५ मिमी मिनिटाला ९० फुटांनी जाते.

अरब सरदार शरीफ अली मृगजळातून येतो तो शॉट ४८२ मिमीच्या भिंगातून घेतलाय, पॅनाव्हिजनने खास बनवलेल्या. सुरुवातीला तो क्षितिजावरचा एक थरथरणारा ठिपका असतो. जुन्या व्हीएचएसवर तो ठिपका दिसतच नसे. चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत २.२० (उंचीच्या २.२० पट) रुंदीतला फक्त ६० टक्के भाग उरतो, म्हणजे लांबी पूर्ण असली तरी सिनेमा चाळीस टक्के गायब.

---

रीळवाला

सह्याद्री७० यांनी ठिपक्याचा विषय काढलाच आहे, तर २०१२ च्या डिजिटल कामाबद्दल.

१९८९ चं काम सगळं रसायनांनी आणि प्रिंटरवर झालं. ओरखडे घालवायला ओल्या गेटमधून प्रिंट काढतात. फिल्म एका द्रवातून जाते, त्या द्रवाचा प्रकाश वाकवण्याचा गुण फिल्मच्या प्लॅस्टिकसारखाच असतो, त्यामुळे मागच्या बाजूचे ओरखडे भरून निघतात आणि छापलेच जात नाहीत. पण पुढच्या बाजूचं इमल्शनच (चित्र धरणारा थर) उडालं किंवा तडकलं असेल तर ओलं गेट काही करू शकत नाही.

आणि 'लॉरेन्स'ची निगेटिव्ह नेमकी तिथेच दुखावली होती. वाळवंटातल्या उष्णतेने इमल्शनला बारीक उभ्या चिरा गेल्या होत्या. २०१२ साठी सोनीच्या ग्रोव्हर क्रिस्प यांच्या देखरेखीखाली ६५ मिमी मूळ निगेटिव्ह ८के मध्ये (आडवे सुमारे आठ हजार ठिपके) स्कॅन झाली आणि काम ४के मध्ये झालं. २१६ मिनिटं म्हणजे तीन लाख अकरा हजारांच्या आसपास चौकटी.

चिरा कठीण का? धूळ काढणारं सॉफ्टवेअर आधीची आणि नंतरची चौकट बघतं. धुळीचा कण एकाच चौकटीत असतो, म्हणून तो परका ठरतो आणि पुसला जातो. चीर मात्र चौकटीमागून चौकटीत थोडी सरकत राहते. सॉफ्टवेअरला ती चित्राचाच भाग वाटते. त्यात मागे वाळूच्या लाटा, त्याही तशाच बारीक रेघांच्या. पुसणी जोरात चालवली तर उडणारी वाळू, ठिणग्या आणि क्षितिजावरचा आपला अली हेही धूळ म्हणून पुसले जाण्याची भीती. म्हणून अशा ठिकाणी वेगळी साधनं बनवावी लागतात आणि माणसाने चौकट-चौकट तपासावी लागते.

---

शिंपल्यातलं_पाणी

मग ४के डिस्क आणि स्ट्रीमिंग यांत फरक पडतो का? दोन्हीवर ४केच लिहिलेलं असतं.

---

पडद्यामागे

या सिनेमात पडतो. चौकटीतले ठिपके दोन्हीकडे तितकेच, पण दर सेकंदाला येणारी माहिती वेगळी. डिस्कवर कमाल मर्यादा १२८ मेगाबिट. स्ट्रीमिंगवर ४के साधारण १५ ते २५ मध्ये बसवतात. संवादाच्या खोलीतल्या दृश्यात फरक जाणवणार नाही. वाळूचं मैदान, वर निळं आकाश, त्यात फिल्मचा दाणा, आणि मधून शंभर उंट धावतायत, अशा वेळी कमी बिटांत दोन गोष्टी होतात : आकाशात रंगाचे पट्टे पडतात आणि वाळू मेणासारखी गुळगुळीत होते.

टीव्हीची सेटिंग्ज : हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद. नॉइज रिडक्शन बंद, कारण ते फिल्मचा दाणाच खातं. शार्पनेस शून्यावर, किंवा तुमच्या कंपनीच्या टीव्हीत जो मधला 'काहीच न करणारा' आकडा असेल त्यावर. रंग 'वॉर्म'. फिल्ममेकर मोड असेल तर एका बटणात यातलं बरंचसं होतं. आणि 'पडदा भरून दाखवा' या बटणाला हात लावू नका. ५५ इंची टीव्हीवर वर-खाली प्रत्येकी साडेसहा सेंटिमीटर काळी पट्टी येणारच, ती यायलाच हवी.

---

वाळवंटी_पहाट

पडदेकाका, प्रोजेक्टरचंही सांगा ना. आमचा पडदा १६:९ चा, १० फूट रुंद.

---

पडद्यामागे

१० फूट रुंदीला २.२० चं चित्र ४ फूट साडेसहा इंच उंच येईल. पडद्याची पूर्ण उंची ५ फूट साडेसात इंच, म्हणजे वर-खाली साडेसहा-साडेसहा इंच राखाडी पट्टी उरेल. काळं जाड कापड किंवा मखमल वरून सोडा आणि खालूनही लावा. दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे, पण चित्राचा काळा रंग एकदम खोल वाटायला लागतो.

प्रकाशाचा हिशेब : पडद्याचं पूर्ण क्षेत्रफळ ५६ चौरस फूट. डिजिटल थिएटरचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप). म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर साधारण ८०० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या प्रकाशाचं माप) पोचायला हवेत. खोक्यावर छापलेला आकडा सगळ्यात भडक मोडचा असतो. सिनेमा मोडमध्ये तो निम्म्यावर येतो, दिवा जुना असेल तर आणखी कमी. म्हणून छापील २००० च्या खालचा प्रोजेक्टर घेऊ नका. ऑफिसात सादरीकरणाला वापरतात तसा ३५०० चा असला तरी चालेल, पण मोड बदला, नाहीतर वाळू हिरवट दिसेल.

शाळेच्या हॉलमध्ये खरा शत्रू खिडक्या. दुपारी लावणार असाल तर नुसते पडदे पुरत नाहीत, आतून काळा कागद चिकटवा. रात्रीची दृश्यं दिवसा फिल्टर लावून घेतलेली आहेत, थोडाही उजेड आला तर त्यांत काही दिसणार नाही.

पहिली रांग पडद्यापासून निदान १० फुटांवर. सगळ्यात चांगल्या जागा १२ ते १८ फुटांमध्ये.

---

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

थिएटर भाड्याने घेऊन डीसीपीवर (थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरसाठीची फाईल) दाखवणारे कोणी असतील तर एक सावधगिरी. डीसीपीला दोनच सर्वसाधारण साचे असतात : फ्लॅट १.८५ आणि स्कोप २.३९. २.२० दोन्हींत नीट बसत नाही. फ्लॅटमध्ये बसवलं तर वर-खाली पट्ट्या (४के मध्ये ३९९६ बाय १८१६ चित्र), स्कोपमध्ये बसवलं तर डावी-उजवीकडे पट्ट्या (३७७५ बाय १७१६). फाईलच्या नावात एफ आहे की एस ते आधी बघा आणि प्रोजेक्शनवाल्याला तोच प्रीसेट लावायला सांगा. फ्लॅटची फाईल स्कोपच्या प्रीसेटवर गेली तर डोकी कापली जातात. आदल्या दिवशी पाच मिनिटं चालवून बघा, शेवटच्या क्षणी नको.

---

शिंपल्यातलं_पाणी

आवाजाबद्दल : संवाद कधी डावीकडून, कधी उजवीकडून येतात. हा दोष समजायचा का?

---

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

दोष नाही, मूळ मांडणीच तशी. ७० मिमीला सहा चुंबकीय पट्ट्या. पाच पडद्यामागच्या भोंग्यांना, एक प्रेक्षागृहातल्या भोंग्यांना. पडद्यामागे पाच भोंगे असल्यामुळे पात्र जिथे उभं तिथून आवाज येई. घरच्या ५.१ मध्ये पुढे तीनच भोंगे, म्हणून मधले दोन डाव्या-उजव्यात मिसळतात. भोंगे पडद्यापासून फार लांब ठेवले तर संवाद चित्राबाहेरून आल्यासारखा वाटतो. ते पडद्याच्या कडांना चिकटून ठेवा, कानाच्या उंचीवर. 'संवाद ठळक करा' हे बटण बंद ठेवा. ते फक्त मधला भोंगा वाढवतं आणि कडेचे संवाद आणखी दबतात.

---

कुलाबकर

अवांतर : कासिम झालेला नट म्हणजे आपला आय. एस. जोहर. वाळवंटात मागे राहिलेला, लॉरेन्सने जीव धोक्यात घालून परत आणलेला, आणि पुढे त्याच लॉरेन्सच्या हातून मरणारा कासिम. इतकी महत्त्वाची भूमिका हिंदी सिनेमातल्या विनोदी नटाला मिळाली आणि त्याने ती तोलून धरली.

---

ग्रंथपाल_नाशिक

अवांतरात थोडी भर. लॉरेन्सच्या स्वतःच्या वृत्तांतात कासिमला परत आणणं आणि एका माणसाला गोळी घालणं या दोन वेगळ्या घटना आहेत. गोळी घातली तो हमीद नावाचा दुसरा माणूस. सिनेमाने दोघांना एक केलं. नाट्य म्हणून ते जबरदस्त आहे, पण इतिहास म्हणून सांगू नये.

अकाबाही तसंच. ६ जुलै १९१७ ला अकाबा पडलं, पण खरी झुंज चार दिवस आधी डोंगरात अबू अल-लिसानला झाली. पडद्यावर दिसतं ते अकाबा स्पेनमध्ये आल्मेरियाच्या किनाऱ्यावर उभारलेलं.

आणि एक धागा महाराष्ट्राचा, जो सिनेमात नाही कारण गोष्ट त्यानंतर सुरू होते. एप्रिल १९१६ मध्ये लॉरेन्सला मेसोपोटेमियात पाठवलं होतं. कुत अल-अमाराला तुर्कांनी ब्रिटिश हिंदी फौज जवळपास पाच महिने वेढली होती. वेढा उठवावा म्हणून तुर्की सेनापती खलील पाशाला वीस लाख पौंडांपर्यंत देऊ करायची ती कामगिरी होती. खलीलने नकार दिला. २९ एप्रिलला कुत पडलं. आत अडकलेली फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण होती. शरण आलेल्यांपैकी असंख्य शिपाई कैदेत आणि वाटेतच मेले. मंडळात प्रास्ताविक करणार असाल तर हे दोन मिनिटांत जरूर सांगा. आपल्याकडच्या कितीतरी गावांच्या वेशीवर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या संख्येची दगडी पाटी आहे, तिचा या प्रदेशाशी संबंध आहे.

---

मृण्मयी_ना

ग्रंथपालकाका, हे माहीत नव्हतं. मनापासून आभार.

---

खडकीचा_वारा

आपल्याकडे असं पूर्ववत काम झालंय का? 'शोले'चं ऐकलं होतं.

---

सह्याद्री७०

झालंय. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सबरोबर ते केलं आणि जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलं. आणीबाणीच्या काळात बदलायला लावलेला शेवट, म्हणजे ठाकूरच्या हातून गब्बरचा मृत्यू, त्यात परत आला. युद्धपट नाही, पण तत्त्व तेच : कापलेलं जागेवर आलं. तांत्रिक फरक असा की 'शोले' ३५ मिमीवर चित्रित करून ७० मिमीला फुगवलेला होता, 'लॉरेन्स' थेट ६५ मिमीवर. म्हणून ८के स्कॅनमधून जे 'लॉरेन्स'मध्ये मिळतं ते तिथे मिळणार नाही.

---

रीळवाला

आणि आपल्याकडे साहित्य उरणं हीच मुख्य अडचण. १९५० च्या दशकापासूनची बरीचशी फिल्म अ‍ॅसिटेटची. उष्ण आणि दमट हवेत ती ॲसिटिक आम्ल सोडते, व्हिनेगरसारखा वास येतो, आणि ते आम्लच पुढची झीज वाढवतं. फिल्म आक्रसते. एक टक्क्याच्या आसपास आक्रसली की छिद्रं प्रोजेक्टरच्या दातांवर बसत नाहीत, ती फाटते. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात हवा महिनोन्महिने ८० टक्क्यांवर दमट. रंगीत फिल्मला थंडी आणि ३० ते ४० टक्के दमटपणा हवा.

कोणाच्या घरी जुनी १६ मिमी किंवा ८ मिमी रिळं असतील तर : हवाबंद डब्यात कोंडू नका, आम्ल बाहेर पडायला वाव हवा. वास येणारं रीळ लगेच इतरांपासून वेगळं करा. डब्यात ठेवायच्या कागदी पट्ट्या मिळतात. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर लवकर स्कॅन करून घ्या, पिवळी झाली तर आजच. प्रोजेक्टरवर चालवून 'एकदा बघू' हा मोह टाळा. आणि पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. सार्वजनिक महत्त्वाचं काही हाती लागलं तर तिथे विचारा.

---

वाळवंटी_पहाट

सगळ्यांचे आभार. माझं 'लांब म्हणजे सैल' मत मागे घेतो. २२७ वालीच लावतो, २४ चौकटींची, ४के डिस्कवरून. मध्यंतर कुठे घ्यायचं? आणि सुरुवातीला काळा पडदा येतो त्याचं काय करायचं? पुढे सरकवला तर चालेल?

---

पडद्यामागे

सरकवू नका! ती सुरुवातीची चार-सव्वाचार मिनिटं म्हणजे रंगमंचाच्या पडद्यासाठी लिहिलेलं संगीत. पडद्यावर काहीच नसणार. आधी सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी वायर हलवायला उठतंच. दिवे निम्मे ठेवा, पुढे कापडी पडदा असेल तर तो बंद ठेवा. कोलंबियाचं बोधचिन्ह आलं की दिवे पूर्ण बंद, पडदा उघडा.

मध्यंतर सिनेमातच आहे, साधारण २ तास २० मिनिटांवर. तिथेच थांबा, आपल्या मनाने दुसरीकडे तोडू नका. चहाला १५ मिनिटं द्या. चहा उरकत आला की मध्यंतरानंतरचं संगीत लावा, लोक तेवढ्यात जागेवर येतात. आणि मध्यंतरापूर्वीही पाण्याची सोय जवळ असू द्या. नेफुदच्या प्रसंगात सगळ्यांनाच तहान लागते.

२२७ अधिक १५ म्हणजे ४ तास २ मिनिटं. साडेचारला सुरू केलंत तर साडेआठला संपेल.

---

ग्रंथपाल_नाशिक

प्रास्ताविकाची दहा मिनिटं धरा.

---

पडद्यामागे

हो, मग ४:२० ला प्रास्ताविक. आणि शेवटी नावं संपल्यावर चित्र नसलेलं संगीत पुन्हा येतं. तिथे मशीन बंद करू नका. दिवे निम्मे करा, दारं उघडा आणि लोक बाहेर पडेपर्यंत ते वाजू द्या.